शब्दाविना वाचन : सायमन नाबातोव यांच्या साहित्याधारित ध्वनिमुद्रिका

प्रस्तुत लेखात सायमन नाबातोव या जॅझ पियानोवादक व संगीतकाराच्या मोजक्या ध्वनिमुद्रिकांचा विचार करावयाचा आहे. संगीतशास्त्रीय विश्लेषण हा या लेखाचा हेतू नाही. साहित्यकृती दुसऱ्या माध्यमात जाते तेव्हा तिच्यातील शब्दाचे काय होते, हा साहित्याच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न येथे केंद्रस्थानी आहे. आपल्याकडे माध्यमांतराची चर्चा बहुधा कादंबरीवरून झालेले नाटक वा चित्रपट एवढ्यापुरती राहते आणि कथानकातले काय उरले, काय गळले याची यादी केली की संपते. नाबातोव यांच्या बाबतीत ही पद्धत लागूच पडत नाही.

नाबातोव यांचा जन्म १९५९ मध्ये मॉस्को येथे झाला. १९७९ मध्ये त्यांनी सोव्हिएत युनियन सोडले. रोममार्गे ते न्यूयॉर्कला पोहोचले, जुलियार्ड या संगीतविद्यालयात शिकले आणि १९८९ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे स्थायिक झाले. आपल्या गायनवादनाच्या परिभाषेत जिला ‘तयारी’ म्हणतात ती त्यांच्या हातात विपुल आहे. मार्क हेलियस व टॉम रेनी यांच्यासह केलेल्या ‘टफ कस्टमर’सारख्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकेत ही तयारी श्रोत्याला थक्क करते, पण क्वचित तीच ऐकू येते, असेही म्हणावे लागते. तिला काम मिळाले ते साहित्यकृतींच्या सहवासात.

२००१ मध्ये लंडनच्या लिओ रेकॉर्ड्स या संस्थेने त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका प्रकाशित केल्या. संस्थेचे चालक लिओ फायगिन हे स्वतः लेनिनग्राड सोडून आलेले आणि बीबीसीच्या रशियन विभागात काम केलेले गृहस्थ. सोव्हिएत युनियनमधून गुपचूप बाहेर आलेल्या ध्वनिफिती त्यांनी प्रकाशित केल्या, तेव्हा या प्रकाशनाची जबाबदारी वादकांवर नाही, असा खुलासा त्यांना छापावा लागे. दडपलेल्या साहित्याचा आणि या संगीताचा प्रवास असा एकाच वाटेने झालेला आहे.

पहिली ध्वनिमुद्रिका ‘द मास्टर अँड मार्गारिटा’. मिखाईल बुल्गाकोव १९४० मध्ये वारले. ही कादंबरी १९६६-६७ मध्ये ‘मॉस्क्वा’ मासिकात, तीही काटछाट होऊन, प्रसिद्ध झाली. सैतान मॉस्कोत अवतरतो ही एक कथा आणि पिलाताची येर्शलाइममधील कथा ही दुसरी, अशी तिची दुपेडी वीण आहे. नाबातोव यांनी पियानो, ट्रम्पेट, व्हायोलिन, बास आणि ड्रम्स अशा पाच वाद्यांचा मेळ घेतला व गायक घेतला नाही. कादंबरी न वाचलेल्याला हे संगीत ऐकून कथानक कळणार नाही, आणि संगीतकाराने ते स्वीकारले आहे. जे आले आहे ते वीणीच्या पातळीवर आले आहे. लिहिलेल्या, बंदिस्त स्वरवाक्यांतून वादक अचानक मोकळे सुटतात आणि पुन्हा कोणी तरी हाक मारल्यासारखे लिखित भागात परततात. लिखित भागात मला पिलाताच्या कथेतील अटळपणा जाणवतो आणि उत्स्फूर्त भागात वोलांडच्या टोळीचा धुडगूस. अर्थात हे माझे वाचन आहे. दुसऱ्या वाचकाला ते उलट वाटण्यास हरकत नाही.

दुसरी ध्वनिमुद्रिका ‘नात्यूर मोर्त’ अधिक अवघड आहे आणि माझ्या मते अधिक असमानही. जोसेफ ब्रॉडस्की यांची दहा भागांची ही कविता १९७१ मधली, म्हणजे ते देशाबाहेर घालवले जाण्याच्या आदल्या वर्षीची. स्थिरचित्र या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ ‘मृत निसर्ग’. माणसांपेक्षा वस्तू बऱ्या, कारण त्यांच्यात चांगले-वाईट काहीच नसते, असा विचार तीत येतो आणि शेवटी क्रूसावरील पुत्राशी मातेचा संवाद होतो. येथे शब्द आहेत, परंतु ते इंग्रजी अनुवादातले, आणि ते उच्चारणारे इंग्रज गायक फिल मिंटन. अनुवादात छंद व यमक राखलेच पाहिजे, असा आग्रह ब्रॉडस्की यांनी आयुष्यभर धरला होता. मिंटन मात्र शब्द फोडतात. त्याचा श्वास होतो, शीळ होते, गुरगुर होते. ख्यालात बंदिशीचा शब्द विरघळताना ऐकण्याची सवय असलेल्या कानाला हे अगदीच परके वाटू नये. पण तेथे शब्द स्वरात विरतो, येथे तो शरीराच्या आवाजात. माणसाची वस्तू होण्याची गोष्ट सांगणाऱ्या कवितेत कंठाचीच वस्तू व्हावी, ही कल्पना समर्पक आहे. परंतु काही ठिकाणी कंठ घाईने प्रत्येक प्रतिमेचे चित्र काढू पाहतो व तेथे कविता लहान होते. मिंटन साधेपणाने केवळ बोलतात आणि पियानो थोडा मागे सरतो, ते क्षण श्रेष्ठ आहेत.

दानीईल खार्म्स यांच्यावरील ‘अ फ्यू इन्सिडन्सेस’ (२००५) येथे फारसा वेळ घेणार नाही. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात कैदेत मरण पावलेल्या या लेखकाच्या चार-सहा ओळींच्या विसंगत गोष्टींना मिंटन यांचा कंठ जन्मजात शोभतो. इतका की विरोध उरत नाही आणि त्यामुळे ताणही कमी होतो.

२०१९ मध्ये ‘रीडिंग्ज’ या नावाखाली दोन ध्वनिमुद्रिका आल्या. ‘वाचने’ हे नाव या लेखाच्या दृष्टीने बोलके आहे. एक इसाक बाबेल यांच्या ‘रेड कॅव्हलरी’वर आहे. दुसरी ‘गिलेया रीव्हिजिटेड’, खलेबनिकोव, क्रुचोनिख आदी भविष्यवादी कवींच्या गिलेया गटावर. या कवींनी ‘झाऊम’ नावाची अर्थापलीकडची भाषा घडवली. तिच्यापुरता तरी अनुवादाचा प्रश्न मिटतो, कारण अनुवाद करण्याजोगा अर्थच तेथे मागे ठेवलेला नाही. आणि तरीही क्रुचोनिख यांचा दावा असा होता की, आपल्या अशा पाच ओळींत संपूर्ण पूश्किनपेक्षा अधिक रशियनपण आहे. विसाव्या वर्षी देश सोडलेल्या नाबातोव यांनी हे रशियनपण सोपवले आहे ते याप ब्लाँक या डच ध्वनिकवीच्या तोंडी, आणि स्वतः ते पियानोवर बसून ऐकत आहेत.