झालर, रुमाल आणि वाटी

आजचा विषय बाहेर फळ्यावर वाचून एका गृहस्थांनी आम्हाला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून क्रोशा कधीपासून?" सोडलेलं नाही. भूमितीतलं एक जुनं कोडं या सुईने हातात आणून दिलं, त्याबद्दल बोलायचं आहे. सोलापुरात धाग्याविषयी बोलायचं म्हणजे जपूनच बोलावं लागतं. समोरच्या कितीतरी जणांच्या घरात माग चाललेला आहे.

मार्गारेट आणि ख्रिस्तीन वर्थहाइम या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या जुळ्या बहिणी. मार्गारेट विज्ञानलेखिका. २००५ साली लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी क्रोशाने प्रवाळांचं बेट विणायला घेतलं. ग्रेट बॅरियर रीफचा रंग उडत चाललाय, ही त्यामागची काळजी. आपल्याला पोवळं ठाऊक ते अंगठीतलं. तिथे तो जिवंत प्राण्यांचा गाव आहे. पुढे गावोगावच्या बायकांनी, काही पुरुषांनीही, आपापली बेटं विणली. हजारो हात लागले. २०१९ मध्ये हे काम व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात गेलं.

यात विज्ञान कुठे आलं? कांट म्हणत होता की अवकाशाची भूमिती आपण अनुभवाच्या आधीच मनात घेऊन येतो, आणि त्याच्या डोळ्यांपुढे होती ती युक्लिडचीच. एकोणिसाव्या शतकात बोल्याई आणि लोबाचेव्हस्की यांनी दुसरी भूमिती मांडली. एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला न छेदणाऱ्या कितीतरी रेषा जातात, असं प्रतल. हे आम्ही वर्षानुवर्षं खडूने शिकवलं. मुलं माना डोलवायची. खरं सांगायचं तर आम्हालाही ते दिसत नव्हतं.

१९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी ते क्रोशाने विणलं. कागदाची प्रतिरूपं फाटायची, लोकर टिकली. नियम एवढाच: ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, आणि हे प्रत्येक ओळीत करत राहायचं. कड वाढत जाते, मावत नाही, तिला लाटा येतात. त्या विणीवर दुसऱ्या रंगाच्या धाग्याने रेषा शिवल्या की समांतर रेषांचं ते गृहीतक डोळ्यांसमोर मोडतं. आम्ही घरी मोठ्या उत्साहाने हे सांगितलं, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, टाके जास्त झाले की झालर पडणारच. कमी पडले तर वाटी होते. बेताचे असले तरच रुमाल सपाट बसतो."

झालर, रुमाल, वाटी. ऋण वक्रता, शून्य वक्रता, धन वक्रता. टीव्हीवर रुमाल घालणाऱ्या पिढीला हे पाठ होतं.

म्हणून 'विज्ञानातून प्रेरित' हे शब्द आम्हाला खटकतात. त्यात विज्ञान देणारं आणि हात घेणारे, असा क्रम लागतो. इथे तर शंभर-दीडशे वर्षं प्रतल वाट पाहत होतं, आणि सुई घराघरांत होती. वर्थहाइम भगिनी हे मान्य करतात, हा त्यांचा मोठेपणा.

त्यांची दुसरी उपमा मात्र आम्हाला पटत नाही. नियमात थोडा बदल केला की नवा आकार निघतो, म्हणजे हे उत्क्रांतीसारखंच, असं त्या म्हणतात. विणणारीने नियम मोडला तिथेच बेट सर्वांत सुंदर दिसतं, हे खरं. पण उत्क्रांतीत निवड करायला कुणी बसलेलं नसतं. इथे आलेले तुकडे कुठे लावायचे, कोणते पुढे आणि कोणते मागे, हे कुणीतरी ठरवतं. आणि शेवटी बातमीत नाव दोघींचंच येतं. सहभागींची नावं भिंतीवर लागली तरी वाचणारा तिथे किती वेळ थांबतो?

उद्या आपल्याकडे कुणी असा प्रकल्प काढला, आणि काढावाच, तर लोकरीची पोवळी कशाला? इरकलीवरची कसुती बघा. कापडावर छाप नाही, गाठ नाही, नुसते धागे मोजून टाके. गवंती टाक्यात सुई एक घर सोडत जाते आणि सोडलेली घरं भरत परत येते. उलट-सुलट दोन्हीकडे नक्षी एकच. ऑयलरने १७३६ साली कोनिग्सबर्गच्या सात पुलांबद्दल दाखवलं की प्रत्येक पूल एकदाच ओलांडून घरी परतायचं असेल, तर प्रत्येक ठिकाणी मिळणाऱ्या पुलांची संख्या सम हवी. सलग नक्षीच्या प्रत्येक रेघेवरून दोनदा गेलं की ती सम होतेच, म्हणून सुईला निघाली तिथे परतता येतं.

मग कसुती करणारी बाई गणितज्ञ का? नाही. तिला ही नक्षी पुरी होते हे ठाऊक असतं. कोणती नक्षी पुरी होणारच, आणि का, हे ऑयलर सांगतो. दोन्हींतला फरक पुसला तर आपण तिचं खोटं कौतुक करू. पण तिला कारागीर म्हणून मजुरी द्यायची आणि आकृती मात्र पाठ्यपुस्तकाची म्हणायची, हेही चालणार नाही. मजुरी कशी ठरते हे सोलापूरला सांगायची गरज नाही.

कुणाकडे आजीचं कसुतीचं इरकली लुगडं असेल तर पुढच्या वेळी आणा. पदर उलटा करून बघू, गाठ सापडते का.