तेराव्या वर्षीचे रान : किशोरांच्या संकटकथा आणि चंद्रपूर-गडचिरोली

किशोरवयीन वाचकाला संकटकथा का आवडतात, या प्रश्नाला बहुधा 'थरार' असे एका शब्दात उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. थरार भुताच्या गोष्टीत असतो, हेरकथेतही असतो. संकटातून तगून राहण्याच्या कथेत मुले रेंगाळतात ती जहाज फुटते तिथे नव्हे, तर फुटल्यानंतर हाताशी काय उरले याची मोजदाद होते तिथे. डॅनिएल डीफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो'ने (१७१९) ही मोजदाद कादंबरीत आणली. मोडक्या जहाजातून क्रूसो एकेक वस्तू किनाऱ्यावर आणतो, आणि ती पाने साहसाच्या पानांइतक्याच उत्सुकतेने वाचली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बॅलन्टाइनने 'द कोरल आयलंड'मध्ये क्रूसोच्या जागी मुले ठेवली, मोठी माणसे काढून टाकली, आणि या प्रकाराचा किशोरांसाठीचा साचा तयार झाला.

या साच्याचा आधुनिक नमुना म्हणजे गॅरी पॉल्सन या अमेरिकी लेखकाची 'हॅचेट' ही कादंबरी. तेरा वर्षांचा ब्रायन छोट्या विमानातून कॅनडातील वडिलांकडे निघालेला असतो. वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो, विमान तळ्यात कोसळते आणि मुलगा जंगलात एकटा उरतो. जवळ असते ती आईने दिलेली हातकुऱ्हाड. तो चोपन्न दिवस तगतो. आईवडिलांचा घटस्फोट हे त्याचे मोठे दुःख असते, पण आग पेटवायची असताना त्याला ते बाजूला ठेवावे लागते. या कथेचे खरे आकर्षण इथे आहे. आठवी-नववीतल्या मुलाच्या आयुष्यात केल्या कामाचे फळ नेहमी पुढे ढकललेले असते: दहावीला कळेल, बारावीला कळेल, नोकरी लागेल तेव्हा कळेल. संकटकथेत ते संध्याकाळपर्यंत कळते. आग पेटली किंवा पेटली नाही. 'तू अजून लहान आहेस' आणि 'तू आता मोठा झालास' ही दोन्ही वाक्ये एकाच दिवशी ऐकणाऱ्या वाचकाला ही रोकठोक दुनिया न्याय्य वाटते.

मराठीत हा प्रकार आला तो मुख्यतः अनुवादांतून. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, हे त्यांचे मोठे ऋण. पण त्यांचा स्वतःचा नायक, फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे, चक्रीवादळात सापडला तरी क्रूसोच्या कुळातला ठरत नाही. त्याच्यामागे शाळा आहे, मित्र आहेत, सायकल आहे. त्याला जगण्याची चिंता नसते, कामगिरीची असते. जयंत नारळीकरांच्या 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडतो खरा, पण तिथे संकटाशी झुंजतात ते वैज्ञानिक. मुलाने स्वतः अन्न-पाणी-निवारा शोधावा, अशी कथा आपल्याकडे विरळाच.

आता हा साचा चंद्रपूर-गडचिरोलीत आणून पाहावा. संकट अचानक येते, हे या प्रकाराचे पहिले गृहीत. या दोन जिल्ह्यांत संकटाला पंचांग आहे. मार्चअखेरीपासून मोहफुले गळू लागतात. ती पहाटे, वाकून वेचावी लागतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या तालुक्यांत वाघाच्या हल्ल्याच्या बातम्यांत मोहफुले वेचणारी बाई पुन्हा पुन्हा भेटते. मे महिन्यात तेंदूपत्ता. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावर चढते आणि भामरागड जगापासून तुटते. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती अशा तीन नद्या मिळतात. दुर्गम गावांत पावसाळ्याआधीच काही महिन्यांचे रेशन पोचवून ठेवावे लागते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस गोसीखुर्दचे पाणी सोडल्यावर वैनगंगाकाठची गावे बुडाली, तेव्हा पूर नुसता आभाळातून येत नाही हेही दिसले.

दुसरे गृहीत म्हणजे मोठी माणसे नाहीशी होणे. इथे संकटात ती नाहीशी होत नाहीत; उलट मुलालाच त्यांच्या ओळीत उभे राहावे लागते. धाकट्या भावंडांना सांभाळणे, गुरे आणणे, बांधीत उतरणे ही मोठे झाल्याची कल्पना नसून रोजची कामे आहेत. 'हॅचेट'मधले एकटेपण शहरी वाचकाला स्वातंत्र्यासारखे वाटते. इथल्या वाचकाला कदाचित त्याचे नवल वाटेल: या पोराला कोणी काहीच कसे शिकवले नव्हते?

याच भूमीवरच्या मराठी पुस्तकांकडे या दृष्टीने पाहिले, तर एक पोकळी दिसते. मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांचे ज्ञान आदराने नोंदवले, पण सांगणारा वनाधिकारी आहे. विलास मनोहरांच्या 'नेगल'मध्ये हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पातले प्राणी जिवाभावाचे होतात. ती पिल्ले आणून देणारा माडिया मात्र कथेच्या उंबरठ्यावरच राहतो. मनोहरांचीच 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी तगण्याच्या कथेच्या सर्वांत जवळ जाते. एका माडिया तरुणाभोवती शोषणाचा फास आवळत जातो आणि त्याच्या वाटा एकेक करून बंद होतात. संकटकथेची मर्यादा तिथे स्पष्ट होते. नदी वाचता येते, वाघाचा माग वाचता येतो. पण संकट जेव्हा माणसाच्या हातातल्या अधिकाराच्या किंवा बंदुकीच्या रूपाने येते, तेव्हा कौशल्य पुरत नाही. ही कादंबरी प्रौढांसाठी आहे. तिच्या अलीकडची, तेराव्या वर्षाची गोष्ट मराठीत कोणी सांगितलेली नाही.

ती कशी असू शकेल, याचा एक दाखला प्रत्यक्षात घडला. १ मे २०२३ रोजी कोलंबियातल्या ॲमेझॉनच्या जंगलात एक लहान विमान कोसळले. त्यातील तिन्ही प्रौढ माणसे दगावली. हुइतोतो या आदिवासी समाजातली चार भावंडे चाळीस दिवसांनी जिवंत सापडली. थोरली मुलगी तेरा वर्षांची, धाकटे मूल वर्षाचेही नव्हते. प्रथम विमानातले कसाव्याचे पीठ आणि मग रानातली ओळखीची फळे-बिया, यांवर ती जगली. हे ज्ञान त्या मुलीला घरातल्या मोठ्यांकडून, आजीकडून मिळाले होते. शोध घेतला तोही सैनिक आणि आदिवासी स्वयंसेवक यांनी मिळून. ब्रायनही तेरा वर्षांचा. पण त्याला जे शून्यापासून शोधावे लागले, ते तिच्याकडे आधीच होते. तिची कथा एकट्याच्या शोधाची नाही. वारसा वेळेवर आठवण्याची आणि धाकट्यांना पाठीशी घालण्याची आहे.

गडचिरोलीत नेमका हा वारसाच पणाला लागला आहे. रान शिकण्याच्या वयात अनेक मुले आश्रमशाळांच्या वसतिगृहांत असतात. त्यांनी शिकावे, हे निर्विवाद. पण जी पुस्तके त्यांच्या हाती येतात, त्यांत आजीला ठाऊक असलेले काहीही ज्ञान म्हणून येत नसेल, तर मूल दोन्हीकडून तुटते. इथे उलट टोकाचा मोहही टाळायला हवा. रानाच्या ज्ञानाने सर्पदंशावरचे इंजेक्शन मिळत नाही आणि पुरात डोंगा आपोआप येत नाही. अशा कथेत दवाखाना, रस्ता आणि पूलही हवेत, किंवा ते नाहीत याचा राग तरी हवा.

एक आक्षेप रास्त आहे. पुरात अडकणाऱ्या मुलाने पुराचीच गोष्ट का वाचावी? त्याला अंतराळयान का नको? अवश्य द्यावे. पण वर्तमानपत्रांत हे जिल्हे आकड्यांनी येतात: इतके बळी, इतकी गावे संपर्काबाहेर. तिथली माणसे मोजली जातात. संकटकथेत मोजण्याचे काम नायकाकडे असते: किती तांदूळ उरला, किती अंधार व्हायला वेळ आहे, कोणाला आधी पलीकडे न्यायचे. मोजले जाणाऱ्याने मोजणारा होणे, हा या प्रकारातला किशोरांना भावणारा गाभा आहे, आणि त्यावर भामरागडच्या मुलीचा हक्क पुण्याच्या मुलाइतकाच आहे.

अशी कादंबरी झाडीबोलीचे, माडियाचे शब्द तळटीपेत न ढकलता संवादात वापरील. तिचा शेवट हेलिकॉप्टरने होणार नाही. पूर ओसरेल, पुलावरचा गाळ निघेल, आणि बांधीतले धान किती वाचले हे पाहायला सगळे घर बाहेर पडेल.