जुगाऱ्यांची फुटपट्टी

१९९८ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी इंटरनेटचं व्यसन मोजायला आठ प्रश्न मांडले. पाचांना ‘हो’ म्हटलं की माणूस व्यसनी! प्रश्न बेतलेले जुगाऱ्यांच्या निकषांवर. आमचे कॉलेजकुमार बरोब्बर पाचांत अडकले. मी विजयी मुद्रेनं चष्मा पुसला.

“बाबा, आता ‘इंटरनेट’ खोडून ‘नाटकाची तालीम’ घाला आणि तुम्ही सोडवा.”

सोडवले. सात! ठरवल्यापेक्षा जास्त वेळ थांबणं, घरी थापा, काळज्या विसरायला तिकडे पळणं... अभ्यासाचं तर विचारूच नका!

म्हणजे ही पट्टी ओढ मोजते, थापा मोजते; माणूस तिथं करतो काय, हे विचारतच नाही. तावातावानं तक्रार लिहायला बसलो आणि आठवलं, मीही पोराला ते कधी विचारलं नव्हतं.