अद्भुताला गाव हवं

मराठीत अद्भुत कादंबरी कुठली, असं विचारलं की समोरचा आधी हॅरी पॉटर म्हणतो आणि मग, जरा आठवून, ‘चांदोबा’. दोन्ही उत्तरं परगावची. पॉटर विलायतेचा, आणि १९५२ मध्ये मराठीत निघू लागलेला ‘चांदोबा’ तिकडे मद्रासचा. राक्षस, जादू, गुप्त वाटा हे सगळं असूनही जिच्यात मोठ्यांच्या कादंबरीचं वजन आहे, अशी आपल्या भाषेतली गोष्ट चटकन कुणाच्या ओठांवर येत नाही. गेल्या पावसाळ्यापासून या पावसाळ्यापर्यंत मी ठरवून हेच वाचलं: जुनं, नवं, भाषांतरित, शेजारच्या हिंदीतलंसुद्धा. मी राहतो त्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टात समोरचा डोंगर सोडाच, समोरचं घरही दिसत नाही. अद्भुत वाचायला याहून बरी जागा मला ठाऊक नाही, आणि या वाचनातून जी तक्रार मनात पक्की झाली तीही या जागेमुळेच झाली. मराठी अद्भुताकडे कल्पना भरपूर आहे, पण त्याला राहायला गाव मिळालेलं नाही.

सुरुवात तर दणक्यात झाली होती. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी ‘वेताळपंचविशी’ १८३० मध्येच मराठीत आणली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली १८६१ मध्ये, आणि त्याच सुमाराला कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत उतरवत होते. विधवांचं दुःख सांगणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ त्याआधी, १८५७ मध्येच, निघाली होती. पण पुढच्या लेखकांनी कित्ता गिरवला तो ‘मुक्तामाला’चा. आज ती वाचताना दमछाक होते. वाक्यं लांबलचक, विशेषणांची गर्दी, आणि सज्जन इतके सज्जन की दुर्जन आला की जरा बरं वाटतं. भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती लावताना ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशा तीन वाटा दाखवल्या. त्यांचा कल कुणीकडे आहे हे सांगायची गरज नाही. पण त्यांच्या पसंतीचा एक परिणाम असा झाला, की मधली वाट म्हणजे पोरकटपणाची वाट, असं आमच्या पिढीनं न वाचताच धरून टाकलं.

माझा पहिला खरा शोध नारो सदाशिव रिसबुडांच्या ‘मंजुघोषे’चा. ही कादंबरीही १८६०च्या दशकातलीच. तिच्यात चक्क विमान आहे, आणि राइट बंधूंना अजून तीसपस्तीस वर्षं अवकाश होता! पण विमानाहून मोलाची तिची प्रस्तावना. रिसबुडांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या लोकांतल्या लग्नाच्या चालीमुळे आणि आणखी काही कारणांमुळे आपल्या आयुष्यात रंजक असं काही घडतच नाही. तेव्हा खऱ्याला धरून लिहायचं म्हटलं तर कादंबरीकार अडतो. मराठी अद्भुताचं पुढचं सगळं नशीब या कबुलीत दिसतं. इथं काही घडत नाही, म्हणून लेखक इथून उठला आणि कुठंच नसलेल्या राजधान्यांत, कुठंही असू शकतील अशा उपवनांत जाऊन बसला. त्या नगरांना बाजार आहे पण वेस नाही, नदी आहे पण उतार नाही. पात्रं एका राज्यातून दुसऱ्यात जातात, तेव्हा त्यांचे पाय दुखत नाहीत.

याच्या शेजारी देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ (१८८८) ठेवून पाहावी. कथा तशीच बेफाम: ऐयार नावाचे हेर वेश पालटतात, औषध हुंगवून बेशुद्ध करतात, तिलिस्माची, म्हणजे जादूच्या भुलभुलैयाची, दारं उघडतात आणि मिटतात. पण खत्रींनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतलेले होते. तिथल्या दऱ्या, पडके किल्ले, झऱ्याकाठच्या गुहा त्यांनी पायाखाली घातल्या होत्या. नौगढ, विजयगढ, चुनार ही नावं नकाशावरची आहेत. म्हणून एखादा ऐयार खोऱ्यात उतरला की त्याला किती वेळ लागेल, कुठं पाणी मिळेल, कुठं दबा धरता येईल, हे लेखकाला माहीत असतं आणि वाचकालाही आपोआप कळतं. तिलिस्म खोटं असलं तरी तिथवर जाणारी पाऊलवाट खरी आहे. हिंदी शिकून लोकांनी ही कादंबरी वाचली असं सांगतात. ते त्या वाटेमुळेही असणार, असं मला वाटतं.

मग आपल्या किल्ल्यांचं काय झालं? ते ऐतिहासिक कादंबरीनं नेले. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’नं १८७१ मध्ये हे दार उघडलं. नाथमाधवांकडे पाहिलं की ही वाटणी अगदी स्पष्ट होते. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं खरं नाव. सिंहगडावर शिकारीला गेलेले असताना कड्यावरून कोसळले, कमरेखालचं अंग लुळं पडलं, आणि अंथरुणावरच्या वाचनातून लेखक उभा राहिला. त्यांची ‘वीरधवल’ (१९१३) ही मराठी अद्भुतातली माझ्या मते सगळ्यांत वाचनीय कादंबरी. तिचा वेग आजही टिकून आहे. प्रकरण संपताना हात पुढचं पान उलटतोच. गो. ना. दातारांनी इंग्रजी कादंबरीकार रेनॉल्ड्सवर बेतलेल्या ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवन गुहा’ वगैरेंतही हाच वेग आहे, पण नाथमाधवांची भाषा अधिक मोकळी. तेच नाथमाधव पुढं ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून शिवकाळावरची माळ लिहितात. भुयारं, वेशांतरं, चोरदरवाजे, खलिते ही सगळी हत्यारं ‘वीरधवल’चीच, पण आता त्यांना मावळ मिळालं. सह्याद्रीचा कडा इतिहासाच्या वाट्याला गेला, आणि अद्भुताच्या वाट्याला उरली पुन्हा तीच बिनवेशीची नगरं. कड्यावरून प्रत्यक्ष पडलेल्या माणसाला अद्भुत कादंबरीत आपला कडा आणावासा वाटला नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

इथं, मावळात राहून, हे जास्त बोचतं. कारण इथं सामग्री नुसती पडून आहे. बोरघाटातलं शिंग्रोबाचं देऊळ घ्या. साहेबाला घाटाची वाट सापडेना, ती शिंग्रोबा धनगरानं आपल्या जनावरांच्या मागं चालत दाखवली, आणि बक्षीस माग म्हटल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं, म्हणून त्याला गोळी घातली, अशी दंतकथा आहे. रेल्वे १८६३ मध्ये घाट चढली. ट्रकवाले आजही त्या देवळापाशी नाणं टाकून पुढं जातात. वाट माहीत असलेला माणूस, ती विकत घेणारी सत्ता, आणि मारल्यावर घाटाचा राखणदार झालेला मेंढपाळ: मोठ्या कादंबरीचा पहिला भाग तयारच आहे.

किंवा ढाकचा बहिरी. जांभिवलीकडून कोंडेश्वरावरून जाणारी ती वाट सरळसोट कातळात संपते. खोबण्या आणि दोर धरून गुहेत चढावं लागतं. आत पाण्याचं टाकं, आणि टाक्यात भांडी. देवाची भांडी. स्वयंपाकाला घ्यावीत, घासून परत टाक्यात सोडावीत. घरी नेलं तर बहिरी सोडत नाही, असं सांगतात. मला या कथेत भीतीहून तिची शिस्त आवडते. अद्भुत मिळतं, पण उसनं मिळतं, आणि परत करायची रीत ठरलेली असते. अर्सुला ले ग्विननं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’त (१९६८) जादूला जी किंमत लावली, वारा वळवला की कुठंतरी समतोल ढळतो हा जो नियम घातला, त्याच जातीचा हा विचार आहे. आपल्या छापील अद्भुतात नेमका हाच नियम गायब असतो. तिथं अंगठी मिळते आणि मिळाली ती मिळालीच.

कार्ल्याच्या एकवीरेला चैत्रात कोकणातून कोळी येतात, देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात, आणि शेजारी लेणं मात्र बौद्धांचं. दामोदर कोसंबींनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या पुस्तकातल्या एका निबंधात या भागातली देवींची ठाणी आणि जुने व्यापारी मार्ग यांची सांगड घातली: देवी जिथं आहे तिथं कधीतरी वाटा एकमेकींना मिळत होत्या. अद्भुत कादंबरी लिहू पाहणाऱ्यानं हा निबंध उशाशी ठेवावा. टोल्किननं आपल्या जगाचा नकाशा आधी मांडला आणि बर्मिंगहॅमजवळचं बालपणीचं खेडं हॉबिटांच्या मुलखात मिसळून टाकलं. आपल्याला नकाशा काढावाही लागणार नाही. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशी खोऱ्यांची वाटणी आयती आहे.

मावळाला कादंबरीकार मिळाला नाही असंही नाही. गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्याला राहिले आणि या मुलखावर जिवापाड प्रेम करून लिहिते झाले. ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५) तुंगच्या हवालदारकीचा पीळ सांगते, ‘माचीवरला बुधा’ (१९५८) मुंबई सोडून राजमाचीवर परतलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट. या वर्षी बुधा पुन्हा वाचला तो अद्भुताच्या रांगेत बसवून, आणि तो तिथं सहज बसला. झाडं, पाखरं, कुत्रं यांच्याशी बुधाचं जे चालतं, ते वास्तव कादंबरीच्या कायद्यात मावणारं नाही. आणखी एक पाऊल, आणि माची बोलू लागली असती. ते पाऊल गोनीदांनी ‘जैत रे जैत’मध्ये जवळजवळ टाकलं, पण ती कर्नाळ्याच्या ठाकरांची कथा. तिथं मधमाश्यांची राणी ही माणसाची खरीखुरी वैरीण आहे, आणि कुणी तिला प्रतीक म्हणून समजावून सांगत बसत नाही. मराठी अद्भुताचा खरा पूर्वज मला ‘मुक्तामाला’पेक्षा इथं दिसतो. तसं त्याला कुणी म्हणत नाही, कारण गोनीदांच्या पुस्तकांवर ‘निसर्ग’ आणि ‘प्रादेशिक’ अशा चिठ्ठ्या डकवून झालेल्या आहेत.

भयकथेला मात्र पत्ता मिळाला, आणि तो कोकणातला. नारायण धारपांनी परदेशी बीजं बेधडक आणली, स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ केली. पण त्यांचे वाडे, त्यांची मध्यमवर्गीय माणसं मराठीच. ‘तुंबाड’ या २०१८ च्या चित्रपटात धारपांच्या कथेचं बीज आणि श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मधलं नाव एकत्र आलं, आणि त्यातल्या हस्तर या शापित देवाच्या भुकेला असा चोख नियम मिळाला की प्रेक्षक तो पाळून श्वास रोखतो. ऋषिकेश गुप्ते यांची ‘दंशकाल’ ही गेल्या दशकातली या वाटेवरची सगळ्यांत भरीव कादंबरी. घर, कूळ, देवी, वासना हे सगळं त्यात एकाच मातीतून उगवतं. मध्यानंतर ती पसरते आणि थोडी छाटली असती तर बरं झालं असतं, पण तिच्यातल्या गावाचा वास जात नाही. भीतीला घर मिळालं, विस्मय मात्र अजून धर्मशाळेत. भीतीच्या कथेत वाचकाला शेवटी पळून जायचं असतं. विस्मयाच्या कथेत त्याला तिथं राहावंसं वाटलं पाहिजे. हे दुसरं काम जास्त अवघड आहे.

जी. ए. कुलकर्णी या तक्रारीला अपवाद आहेत, आणि मोठा अपवाद आहेत. ‘रमलखुणा’तल्या (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा वर्षभरातल्या वाचनात सगळ्यांत वर. तिथं गाव नाही, काळ नाही, नावंही कुठल्या भाषेतली कळू नये अशी. पण जीएंचा विषयच नियती. माणसाला कुठंही गाठणाऱ्या गोष्टीला पत्ता दिला तर ती उणावते. पंचाईत एवढीच, की त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनी पत्ता नसणं उचललं आणि नियती तिथंच राहिली.

भाषांतरांबद्दल थोडक्यात. गौरी देशपांड्यांचे ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड हे मराठीतलं मोठं आणि कमी चर्चिलेलं काम, त्यांनी कथेतला उघडेपणा न लाजता मराठीत आणला. मुग्धा कर्णिकांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या टोल्किनच्या भाषांतरात वर्णनं उत्तम वठली आहेत, संवाद मधूनच नाटकी होतात. त्यात भाषांतरकाराचा दोष नाही. बुटक्या राजानं, झाडाएवढ्या म्हाताऱ्यानं, खेडुत हॉबिटानं मराठीत कसं बोलायचं याची सवयच आपल्या गद्याला लागलेली नाही. एक तर पौराणिक नाटक, नाही तर पुण्याची दिवाणखान्यातली बोली.

ती बोली याच डोंगरांत आहे, म्हणून शेवटी दळणाच्या ओव्यांकडे वळलो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस मावळ-मुळशीच्या खेड्यांतून बायकांकडून त्या गोळा करायला सुरुवात केली आणि पुढं महाराष्ट्रभर लाखाच्या घरात ओव्या जमल्या. कादंबरी नव्हे, पण वर्षाच्या वाचनात मी त्या धरतो. त्यांतली सीता रानात एकटी बाळंत होते, तेव्हा ते रान अयोध्येचं वाटत नाही. तिथं बाभळी-बोरी तिची समजूत घालायला येतात आणि कुणालाही त्याचं आश्चर्य वाटत नाही. झाडांनी कसं बोलावं हा प्रश्न या बायकांना पडलेला नव्हता. त्या ओव्या आता इंटरनेटवर आवाजासकट ऐकायला मिळतात. अद्भुत लिहू पाहणाऱ्या एखाद्या तरुण लेखकानं टोल्किनच्या आधी महिनाभर त्या ऐकाव्यात, अशी माझी सूचना आहे.