'दंगल'मधला घाम आणि स्नायूंचे शास्त्र

नितेश तिवारी यांचा 'दंगल' (२०१६) शाळेत दाखवावा का, असे कुणी विचारले तर 'जरूर दाखवावा' असेच मी म्हणेन. मुलीही ताकद कमावू शकतात हे तो ठणकावून सांगतो. ती ताकद कशी कमावतात, हे मात्र तो नीट सांगत नाही.

पहाटे पाचला उठवलेल्या गीता आणि बबिता धावतात, कुरकुरतात आणि एक गाणे संपेपर्यंत तयार होऊ लागतात. हाल हेच इथे तयारीचे माप. शरीरशास्त्र वेगळे सांगते. नवशिक्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती मुख्यतः चेतासंस्थेमुळे. त्याच स्नायूतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला शरीर शिकते. स्नायू जाड होतात ते नंतर. त्यासाठी नेहमीपेक्षा किंचित जास्त भार लागतो आणि मग पुरेसे अन्न व विश्रांती, कारण दुरुस्ती विश्रांतीतच होते. चित्रपटात विश्रांतीला जागा नाही. अकादमीतली मोकळीक तर ऱ्हासाची खूण म्हणूनच येते.

हाल आणि व्यायाम यांची ही गल्लत बीड जिल्ह्यातल्या शिक्षकाला नवी नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांना आणखी व्यायाम कशाला, असे त्याने ऐकलेले असते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई ताकदवान असतेच. पण तिचा भार तिचे शरीर ठरवत नाही. कंबर दुखली म्हणून मोळी हलकी होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीही मिळत नाही. व्यायामात या दोन्ही गोष्टी आपल्या हाती असतात.

प्रशिक्षकाचे चित्रण मला सरळ अन्यायाचे वाटले. बाप तेवढा जाणता, प्रशिक्षक मूर्ख! पाटोद्याच्या राहुल आवारेची सुरुवातही पैलवान वडिलांपासून झाली. पण पुढे तो पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली घडला. बिराजदार स्वतः १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला ५७ किलो गटात सुवर्ण मिळाले, तेव्हा राहुलने ते आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले. भार कधी वाढवायचा आणि कधी थांबवायचे, हे बघणारा त्रयस्थ डोळा लागतोच.

चित्रपट दाखवून झाल्यावर वर्गात एक प्रयोग करता येईल. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. (देखरेखीखाली केलेल्या अशा व्यायामाने उंची खुंटते, ही भीती निराधार आहे.) तेव्हा एक दिवसाआड जोर आणि बैठका. ज्याला जमिनीवर जोर जमत नाही, त्याने आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्यावर, मग खाली यावे. ठेवण बिघडू लागली की थांबायचे. आठ-दहा बिनचूक जमले तरच पुढच्या आठवड्यात एक-दोन वाढवायचे. गुडघा किंवा खांदा दुखला तर तो व्यायाम बंद. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या जोरांची संख्या लिहावी आणि दंडाचा घेर टेपने मोजावा. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजावे. संख्या बरीच वाढलेली आणि घेर जवळजवळ तेवढाच, असे बहुतेकांच्या बाबतीत आढळेल. ते का, हे मुलांनाच विचारावे.