नेत्याचा वेश आणि नेतृत्वाची प्रतिमा : पंचा व सूट यांचा पुनर्विचार

नेत्याचा वेश ही त्याची वैयक्तिक आवड असते, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात जनता त्या वेशावरून त्याच्या नेतृत्वाविषयी अनुमान करीत असते. आपल्या सार्वजनिक चर्चेत यासाठी 'साधी राहणी' हा निकष रूढ आहे. साधा वेश म्हणजे लोकाभिमुखता आणि सूट म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण, असे समीकरण त्यातून तयार झाले. महात्मा गांधी व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या संदर्भात हा निकष तपासून पाहणे आवश्यक आहे.

विदेशी कापडावरील बहिष्काराच्या काळात, सप्टेंबर १९२१ मध्ये, गांधीजींनी मदुराई येथे पंचा स्वीकारला. विदेशी वस्त्र टाकल्यावर खादी घेण्याची ज्यांची ऐपत नव्हती, त्यांचा विचार या निर्णयामागे होता. १९३१ मध्ये चर्चिल यांनी 'अर्धनग्न फकीर' म्हणून त्यांची हेटाळणी केली. तथापि त्याच वर्षी ते त्याच वेशात बकिंगहॅम राजवाड्यात गेले आणि हा वेश साम्राज्यविरोधाचे प्रतीक ठरला. परंतु हा त्याग लंडनमध्ये बॅरिस्टर झालेल्या, सूट वापरलेल्या व्यक्तीचा होता. टाकण्याजोगे काही हाती असल्यामुळेच तो त्याग म्हणून ओळखला गेला.

दुसऱ्या गोलमेज परिषदेत आंबेडकर सुटात उपस्थित होते. तोकडे वस्त्र ज्या समाजावर जातिव्यवस्थेने लादले होते, त्याच्या प्रतिनिधीने अल्पवस्त्र स्वीकारले असते तर त्यात कोणालाही त्याग दिसला नसता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना लुगडे उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे नेसण्याचे आणि जात ओळखू येईल असे दागिने टाकण्याचे आवाहन केले होते. त्यांचा सूट या आवाहनाशी सुसंगत आहे. त्याला अनुकरण म्हणणे म्हणजे वेशातील जातीय बंधनांकडे डोळेझाक करणे होय. आज गावोगावच्या पुतळ्यांत तो निळ्या रंगात आढळतो, हेही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

याचा अर्थ साधा वेश निरर्थक असतो, असा नव्हे. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. फुले स्वतः यशस्वी कंत्राटदार होते. तरीही उंची पोशाखातील निमंत्रित म्हणजे संपूर्ण हिंदुस्थान नव्हे, हे राजपुत्राच्या नजरेस आणून देणे त्यांना महत्त्वाचे वाटले. येथे साधेपणा सद्गुणाचे प्रदर्शन न राहता प्रतिनिधित्वाचे साधन झाला.

सारांश, पंचा, सूट किंवा शेतकऱ्याचा वेश यांना स्वतःचा असा नैतिक अर्थ नाही. वेश कोणी, कोणासमोर आणि कोणत्या बंधनाविरुद्ध धारण केला, यावर तो अर्थ ठरतो. 'साधी राहणी' हा एकच निकष मानल्यास निवडीचे स्वातंत्र्य असलेल्यांचा साधेपणा थोर ठरतो आणि ते नाकारल्या गेलेल्यांची प्रतिष्ठेची मागणी मात्र हौस ठरते. नेतृत्वाच्या मूल्यमापनातील हा अन्याय दूर करणे, ही समीक्षेची जबाबदारी आहे.