‘आधी-नंतर’चा चकवा : थिअनिनच्या गोळीवरचा एक पेपर वाचताना

मागच्या महिन्यात सांगलीहून धाकट्या मावसभावाचा फोन आला. तो तिथं अभ्यासिकेत बसून पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करतोय. “दादा, एल-थिअनिनच्या गोळ्या घेऊ का? चहातलंच असतं म्हणे. डोकं शांत राहतं आणि लक्षही लागतं.” सोबत एका पेपरची लिंक. “आरसीटी आहे, मी वाचलाय,” असंही वर. डबीची किंमत ऐकली तर त्याच्या मेसच्या पंधरा दिवसांच्या पैशांएवढी.

मी इकडे साताऱ्यात बसून तो पेपर पुन्हा वाचला. आज तो तुमच्याबरोबर वाचायचा आहे. गोळी घ्यावी की नाही हा प्रश्न आहेच, पण त्याआधीचा प्रश्न असा की ‘मी वाचलाय’ म्हणजे आपण नेमकं काय वाचलेलं असतं?

आधी थोडी ओळख. थिअनिन हे अमिनो आम्ल १९४९ मध्ये जपानमध्ये ग्योकुरो नावाच्या हिरव्या चहाच्या पानांतून वेगळं केलं गेलं. आपलं शरीर प्रथिनं बांधायला ते वापरत नाही. त्याची रचना मात्र ग्लुटामेट या मेंदूतल्या संदेशवाहकाशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे त्याचा मेंदूवर परिणाम होऊ शकेल ही शंका रास्तच. पण ‘होऊ शकेल’ आणि ‘होतो’ यांच्यामध्ये प्रयोग उभा असतो.

तो प्रयोग म्हणजे हिदेसे आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा, ‘न्यूट्रिएंट्स’ या जर्नलमधला पेपर. ३० निरोगी प्रौढ, सरासरी वय ४८ च्या आसपास. रोज २०० मिलिग्रॅम थिअनिन चार आठवडे आणि प्लासिबो चार आठवडे. कुणाला आधी काय, हे यादृच्छिक. ही क्रॉसओव्हर रचना चांगली आहे, कारण प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

आता सारांश बघा. थिअनिन घेतल्यानंतर नैराश्य, चिंता आणि झोप यांच्या प्रश्नावल्यांतले गुण लक्षणीयरीत्या घटले. प्लासिबोनंतर लक्षणीय बदल दिसला नाही. हे वाचलं की आपण मनातल्या मनात निकाल लावून टाकतो: थिअनिन जिंकलं.

इथं थांबा. या दोन वेगवेगळ्या तुलना आहेत. एक थिअनिनच्या आधी आणि नंतर, दुसरी प्लासिबोच्या आधी आणि नंतर. आपल्याला हवी असते ती तिसरी, म्हणजे थिअनिन विरुद्ध प्लासिबो. ती पुढच्याच वाक्यात दिलेली आहे. ताणाशी संबंधित लक्षणांत फरक दिसला तो झोपेच्या प्रश्नावलीच्या काही उपभागांत: झोप लागायला लागणारा वेळ, झोपेतले अडथळे, झोपेच्या औषधांचा वापर. चिंता आणि नैराश्य या यादीत नाहीत. लेखकांनी काही लपवलेलं नाही. घाई आपलीच असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ क्लासच्या मुलांचे गुण सरासरी ६ ने वाढले, पी व्हॅल्यू ०.०४. ‘ब’ क्लासच्या मुलांचे ४ ने वाढले, पी व्हॅल्यू ०.०९. ‘अ’वाले बोर्ड लावणार: आमच्याकडे गुण वाढतात, त्यांच्याकडे नाही! पण दोन क्लासमधला फरक आहे फक्त २ गुणांचा, आणि तो तर कुणी तपासलाच नाही. गेलमन आणि स्टर्न यांनी २००६ मध्ये नेमक्या याच चुकीवर एक छोटा लेख लिहिला. एक निकाल ‘लक्षणीय’ आणि दुसरा ‘लक्षणीय नाही’, एवढ्यावरून त्या दोघांमधला फरक लक्षणीय ठरत नाही.

हसू नका, मीही तेच केलंय. माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये हळदीच्या रोपांचे दोन गट होते. फवारणी केलेल्या गटात पानांतलं हरितद्रव्य लक्षणीय वाढलं, दुसऱ्यात नाही. मी ठसक्यात लिहिलं, ‘फवारणी परिणामकारक’. गाईड एवढंच म्हणाले, “दोन गटांची एकमेकांशी तुलना कुठं आहे?” रात्री बसून ती केली. फरक जवळपास गायब! प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण नव्यानं लिहावं लागलं.

आता ‘लक्ष लागतं’ याकडे वळू. या पेपरात शब्दओघ, म्हणजे ठरावीक वेळात जास्तीत जास्त शब्द आठवून सांगणं, प्लासिबोपेक्षा सुधारला. पण कुणाचा? सुरुवातीला ज्यांचे गुण खालच्या अर्ध्यात होते त्यांचा. ३० चे अर्धे म्हणजे १५ च्या आसपास माणसं. इतक्या छोट्या उपगटातला निकाल पुढच्या प्रयोगाला प्रश्न पुरवतो, उत्तर देत नाही. शिवाय एका पेपरात अनेक प्रश्नावल्या आणि त्यांचे उपभाग तपासले की एखाददुसरा निकाल योगायोगानंही ‘लक्षणीय’ निघतो. ०.०५ ची मर्यादा धरली, तर काहीच परिणाम नसतानाही २० चाचण्यांत सरासरी एक.

मग थिअनिन निरुपयोगी आहे का? तसंही म्हणता येत नाही. २००८ मध्ये ओवेन आणि सहकाऱ्यांनी २७ जणांना ५० मिलिग्रॅम कॅफिनबरोबर १०० मिलिग्रॅम थिअनिन दिलं, तेव्हा लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर नेण्याचा वेग आणि अचूकता सुधारली. पण तिथं कॅफिन सोबत आहे. त्याच वर्षी हॅस्केल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात नुसत्या थिअनिननं डोकेदुखीची नोंद वाढली आणि सातसातनं वजाबाकी करण्याचा वेग मंदावला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०११ मध्ये थिअनिनबाबतचे आकलनक्षमता, ताण आणि झोप यांचे दावे पुरेशा पुराव्याअभावी मान्य केले नाहीत. २०१८ मध्ये तिनं काळ्या चहानं लक्ष सुधारतं हे मान्य केलं, पण त्याचं श्रेय कॅफिनला देता येतं असं नोंदवलं.

राहिलं ‘चहातलंच आहे’. २०११ च्या एका मोजणीत २०० मिलिलिटर काळ्या चहात सुमारे २४ मिलिग्रॅम थिअनिन सापडलं. म्हणजे २०० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे आठेक कप. त्याच मोजणीत दूध जास्त घातल्यावर थिअनिन कमी आढळलं, आणि आपला टपरीवरचा चहा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. सांगलीकरांना हे हळदीवरून लगेच कळेल. भाजीतली चिमूटभर हळद आणि कर्क्युमिनची कॅप्सूल यांना कुणी एक म्हणत नाही.

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा वहीत तीन ओळी लिहा. तुलना नेमकी कुणाशी केली? निकाल सगळ्यांचा की उपगटाचा? आणि ज्यांच्यावर प्रयोग झाला ती माणसं माझ्यासारखी आहेत का? पन्नाशीजवळची माणसं चार आठवडे काय अनुभवतात, त्यावरून पंचविशीतल्या पोराचा परीक्षेआधीचा आठवडा ठरत नाही.

भावाला मी ‘घेऊ नको’ म्हटलं नाही. फक्त हे तीन प्रश्न पाठवले. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: “दादा, मी फक्त सारांशच वाचला होता.” डबीचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. पण आता तो पेपर निकालांच्या तक्त्यापासून वाचायला लागलाय.